वजाबाई आणि उपाशी मशीन

दर सोमवारी सकाळी, लोक अजून आपापल्या छत्र्या-पिशव्या कपाटात कोंबत असतात तेव्हा, आमच्या ऑफिसातल्या एक बाई एका धडधाकट संगणकावरचं सगळं पुसून टाकतात. सगळं म्हणजे सगळं. मग त्यावर आमच्या फ्रेमवर्कचे फक्त कोअर मॉड्यूल चढवतात, शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि मशीन स्वतःच्या पायावर उभं राहतं का ते बघतात. हा सोहळा त्या एकोणीस वर्षं करताहेत. त्यातली पंधरा वर्षं मी तो बघतोय आणि त्यातली चौदा वर्षं त्याला हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मीच तोंडावर आपटणार आहे आणि तेव्हा कुणी माझी कीव करू नये.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो. माझ्या सासूबाईंना ते अजून कळलेलं नाही, पण त्यात सांगणाऱ्याचा दोष जास्त आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांना लागणारे तयार भाग आम्ही बनवतो: बटण, चौकट, मजकूर लिहायची पेटी, फाइल उघडणं, असे शेकडो. आमचे भाग घेऊन एकदा प्रोग्राम लिहिला की तो तीन प्रकारच्या संगणकांवर आणि दोन प्रकारच्या फोनवर चालतो, प्रत्येकासाठी वेगळा लिहावा लागत नाही. या सगळ्या गोतावळ्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्यातले भाग, म्हणजे मॉड्यूल, दोन तऱ्हेचे. कोअर, म्हणजे गाभ्यातले, सगळ्यांना मिळतात, सगळीकडे चालतात आणि पाच वर्षं मोडणार नाहीत असं आम्ही लेखी देतो. ऑप्शनल, म्हणजे ज्याला हवा त्याने खूण करून मागून घ्यायचे: नकाशे, छपाई, वजनकाट्यासारख्या यंत्रांशी बोलणं, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणं. नियम एकच, पण कडक. ऑप्शनलने कोअरवर खुशाल टेकावं, कोअरने मात्र ऑप्शनलवर टेकायचं नाही. ज्याच्याकडे नुसतं कोअर आहे त्याचं घोडं कुठेही अडता कामा नये.

मी कोअरवाला. मजकूर लिहायची पेटी माझी. कुठल्याही देशात कुणी आमच्या पेटीत आपला पत्ता लिहीत असेल तर तो माझ्या हाताखालून जातो, असं मी चारचौघांत सांगत असे आणि बायको मला कोपराने ढोसत असे.

बाई आल्या होत्या सहा आठवड्यांसाठी. तेव्हा आमचं फ्रेमवर्क डिस्कवर जायचं. डिस्क पाकिटात घालायची, पाकिटावर पत्ता चिकटवायचा, एवढंच काम. त्याआधी त्या बुटांच्या गोदामात होत्या, खोक्यात एक डावा आणि एक उजवा आहे ना ते तपासायला. त्या कामात माणसाचा कशावरही विश्वास राहत नाही, असं त्या म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेव्हाच्या साहेबांना विचारलं, ज्याच्या मशीनवर आधीचं काहीच नाही त्याच्याकडे हे चालतं का. साहेब म्हणाले, चालणारच. बाईंनी विचारलं, कुणी चालवून बघितलंय?

कुणीच बघितलं नव्हतं. ऑफिसातल्या एकूण एक संगणकावर सगळे भाग आधीपासून होते, तिथे काय बघणार? जिन्याखाली एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. ते पुसलं, साफ केलं, डिस्क घातली. चाललं नाही. तोवर चौदाशे पाकिटं चिकटवून झाली होती आणि ती बाईंनीच पुन्हा फोडली. सहा आठवडे संपल्यावर त्यांना कुणी जा म्हणालं नाही. त्या मशीनचं नाव उपाशी पडलं. गेल्या एकोणीस वर्षांत मशीन तीनदा बदललं, नाव तेच राहिलं. आताच्या मशीनवर तर बाईंनी ते जाड पेनाने लिहूनच ठेवलंय.

आणि बाईंचं नाव पडलं वजाबाई. कुठल्याही बैठकीत, कुठल्याही नव्या कल्पनेवर त्यांचा एकच प्रश्न, हे वजा केलं तर काय अडतं? आधी आम्ही हे नाव त्यांच्या पाठीमागे घेत होतो. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी ते आपल्या टेबलावरच्या पाटीवर लिहून टाकलं, मग मजा गेली. त्यांनीही आमचा हिशेब चुकता केला. कोअरच्या माणसांना त्या गाभेकर मंडळी म्हणतात, आणि असं म्हणतात की आपण कुठल्या तरी संस्थानातून हाकलून दिलेले सरदार आहोत असं वाटावं.

घरीही तीच तऱ्हा. त्यांचे यजमान किल्ल्या बनवतात. दुकान घराला लागूनच आहे. वर्षातून एकदा बाई स्वयंपाकघरातली अर्धी भांडी खोक्यात घालून माळ्यावर टाकतात आणि महिनाभर बघतात, कुठल्या भांड्यासाठी जीव तळमळतो. ते खाली येतं, बाकीची कुणाला तरी देऊन टाकतात. त्यांची मुलगी सांगते, एकदा बाबा आठ दिवस बाहेरगावी गेले होते, परत आल्यावर दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, मी अजून ठेवायच्या यादीत आहे ना? बाई म्हणाल्या, तपासणी चालू आहे, हातपाय धुऊन घ्या.

इतकी काटछाट करणारी बाई एका ऑप्शनल मॉड्यूलसाठी हट्टाला पेटेल असं कुणाला वाटलं नसतं. पण पेटली. तीच तर गोष्ट आहे.

मजकूर वाचून दाखवणारं मॉड्यूल आम्ही नुसतं आवाज म्हणत असू. फार थोडे लोक ते मागून घेत. त्यांतली एक छोटी कंपनी वाचनालयांसाठी प्रोग्राम लिहायची आणि त्यांचं एक गिऱ्हाईक होतं एक सार्वजनिक वाचनालय. तिथे देवघेवीच्या काउंटरवर एक गृहस्थ बसतात. तिशीत त्यांची नजर गेली. सभासद कार्ड टेकवतो, पडद्यावर क्रमांक येतो, आवाज तो वाचतो आणि गृहस्थ पुस्तक देतात-घेतात. आमच्या माहितीपत्रकावर मदतीसाठी म्हणून बाईंच्या टेबलावरच्या फोनचा नंबर छापलेला होता. अकरा वर्षांपूर्वी गृहस्थांनी त्यावर पहिला फोन केला, आवाज फार घाईत बोलतो म्हणून. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतोच. भेट मात्र एकदाही नाही. आम्ही त्यावरूनही बाईंना चिडवून घेतलं. त्या म्हणाल्या, तुमच्यापैकी एकाला तरी अकरा वर्षं कुणी आपणहून फोन केलाय का?

दोन वर्षांपूर्वी आवाज बिघडला. कुणीतरी त्यात सुधारणा केली आणि तेव्हापासून तो दर मजकुराचा शेवटचा शब्द गिळायला लागला. क्रमांक पाच आकडी, ऐकू येणार चार. गृहस्थ येईल त्याला विचारायला लागले, शेवटचा आकडा सांगा. लोकांना वाटे, परीक्षा घेताहेत. कुणी चुकीचा सांगे, कुणी चष्मा शोधत बसे. एका निवृत्त मास्तरांच्या खात्यावर तीन महिने बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक राहिलं आणि त्यांच्या घरी त्यावरून बरंच काही झालं म्हणे. ती सुधारणा करणारा आमचा माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. जाताना त्याने मॉड्यूलच्या फाइलीतली पहिली ओळ रिकामी केली.

ती ओळ म्हणजे राखणदाराची. प्रत्येक ऑप्शनल मॉड्यूलला एक राखणदार लागतो. त्याने ते मॉड्यूल पाचही ठिकाणी, म्हणजे तिन्ही संगणकांवर आणि दोन्ही फोनवर, चालतंय ना ते प्रत्येक वेळी बघायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं. दर पाच वर्षांनी मोठी आवृत्ती निघते, तेव्हा यादीची बैठक बसते आणि ज्या मॉड्यूलची पहिली ओळ रिकामी ते यादीतून जातं. यंदा ती बैठक होती. छोट्या कंपनीने कळवलं होतं की तुमचं आवाजाचं मॉड्यूल गेलं तर आमचा नवा प्रोग्राम मुका निघेल, एका गिऱ्हाइकासाठी आम्ही वेगळा आवाज लिहू शकत नाही. मग वाचनालयाच्या प्रमुखांनी गृहस्थांना, अगदी प्रेमाने, सांगून ठेवलं की तसं झालं तर मागच्या खोलीत पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायचं काम देऊ, तुमची नोकरी कुठे जात नाही.

गृहस्थांनी हे बाईंना फोनवर सांगितलं. बाईंनी ते मला शब्दशः सांगितलं. "त्या खोलीला खिडकी छान आहे म्हणतात. मला खिडकी काय करायचीय? मला माणसं लागतात."

बाई स्वतः राखणदार होऊ शकत नव्हत्या. त्यांना कोड वाचता येतं, दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्या अकरा जणांकडे गेल्या. अकराही जणांनी गोड बोलून बोळवण केली. कोअरमध्ये काम केलं तर कौतुक होतं, ऑप्शनल सांभाळलं तर फक्त तक्रारी येतात. पाच वर्षांचं हे लोढणं कोण गळ्यात घेणार? माझ्याकडे त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी म्हणालो, बघतो. आमच्या ऑफिसात बघतो म्हणजे नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

यादीच्या बैठकीला आठ दिवस उरले होते. सोमवार होता. साडेदहाच्या सुमारास बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, उपाशी उभं राहत नाहीये. मी आधीच कशावरून तरी तापलेला. म्हणालो, म्हातारं झालंय ते, भंगारात द्या. बाई म्हणाल्या, दोनदा पुसून पाहिलं, तिसऱ्यांदा तुमच्यासमोर पुसते, चला.

गेलो. त्यांनी पुसलं, कोअर चढवलं, आमचा नमुन्याचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर त्याची खिडकी क्षणभर उघडली आणि नाहीशी झाली. खाली बारीक अक्षरांत कारण आलं. आवाजाचं मॉड्यूल सापडत नाही. मी म्हणालो, मग खूण करताना काहीतरी चुकलं असेल. बाईंनी मला खुणांचं पान दाखवलं, एकही खूण नव्हती. मग त्यांनी खालची आणखी एक ओळ बोटाने दाखवली. आवाजाला हाक कोण मारतंय ते तिथे लिहिलेलं होतं. मजकूर लिहायची पेटी. माझी पेटी.

माझे कान तापले. काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे आठवलं. आठ महिन्यांपूर्वी, जेवणानंतरच्या सुस्तीत, मला मजकुराची वाक्यं सुटी करायची होती. ते काम करणारा तुकडा आवाजाच्या मॉड्यूलमध्ये तयार होता. वाचायला त्याला वाक्यं सुटी करावीच लागतात. आपण कशाला पुन्हा लिहा, म्हणून मी दोन ओळींत तोच बोलावून घेतला. माझ्या मशीनवर सगळे भाग होते, त्यामुळे चाललं. शेजाऱ्याच्या मशीनवर चाललं. रात्रंदिवस आपोआप तपासणी करणारी आमची मशीनं, त्यांच्यावरही वेळ वाचावा म्हणून सगळंच चढवलेलं, तिथेही चाललं. आठ महिने ते काम माझ्याजवळच पडून होतं आणि गेल्या शुक्रवारी मी ते नव्या आवृत्तीत घातलं. अख्ख्या ऑफिसात आवाजाचं मॉड्यूल नसलेलं एकच मशीन होतं, आणि त्याला भंगारात द्यायला मी नुकतंच सांगितलं होतं.

पहिला विचार मनात आला तो खोटा सांगणार नाही. हे अजून कुणाला माहीत आहे? तेच मी विचारलं. बाई म्हणाल्या, कुणाला नाही, आधी तुमच्याकडेच आले. मी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसरा विचार आला तेव्हा तो अर्ध्यावरच अडकला.

आठ दिवसांनी यादी ठरणार होती. यादी ठरली की आवृत्ती निघेपर्यंत कोअरला कुणी हात लावत नाही. तोवर कुणाला कळलं नसतं, तर कोअर आवाजावर टेकलेलं राहिलं असतं, आणि कोअर ज्याच्यावर टेकलंय ते मॉड्यूल काढण्याची कुणाची हिंमत झाली नसती. राखणदार असो वा नसो, आवाज पाच वर्षं राहिला असता. बाईंनी काही करायचंच नव्हतं. फक्त हा एक सोमवार चुकवायचा, बस.

"बाई, तुम्ही आठ दिवस गप्प राहिला असतात तर तुमचं काम आपोआप झालं असतं," मी म्हणालो. "हे तुमच्या लक्षात आलं होतं ना?"

"आलं होतं. पहिल्यांदा पुसलं तेव्हा मशीनवर विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्यांदा पुसलं. मग अर्धा तास बसून राहिले, कारण माझ्यावर विश्वास बसेना."

"मग आलात कशाला?"

"तुमच्या चुकीवर ते मॉड्यूल किती दिवस उभं राहणार?" त्या म्हणाल्या. "उद्या कुणीतरी हुशार माणूस येईल, म्हणेल ह्या दोन ओळी इथे कशाला, आणि काढून टाकेल. मागोमाग बिनराखणदाराचं मॉड्यूलही काढेल. वाचनालयात एका सकाळी आवाज बंद. त्यांना फोन करून सांगायचंसुद्धा कुणाच्या डोक्यात येणार नाही. त्यापेक्षा आज सरळ नाही म्हणा. निदान मी त्यांना नीट सांगेन." मग उपाशीकडे बघून म्हणाल्या, "आणि ज्याच्याकडे नुसतं कोअर आहे, त्याने काय घोडं मारलंय?"

एवढं बोलून त्या पुढच्या कामाला लागल्या. राखणदारीचं त्यांनी चौथ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा बघतो म्हणालो असतो आणि आम्ही दोघंही मोकळे झालो असतो. त्यांनी विचारलं नाही, ते मला झोंबलं.

जागेवर येऊन मी त्या दोन ओळी काढायला घेतल्या. आवाजाचा तो तुकडा वापरायचा नाही म्हटल्यावर वाक्यं सुटी करणं मलाच लिहावं लागणार होतं. म्हणून मी आधी काय केलं होतं ते वर-खाली करून बघितलं. आणि माझ्याच हातची एक टीप समोर आली. मजकूर आवाजाकडे देण्यापूर्वी मी त्याच्या शेवटी गुपचूप एक पूर्णविराम जोडत होतो, आणि शेजारी लिहून ठेवलं होतं: शेवटी पूर्णविराम नसेल तर शेवटचा शब्द गळतो, म्हणून जोडला आहे.

मी खुर्चीला टेकून बसलो. सभासदाच्या क्रमांकाला कुठे पूर्णविराम असतो? तो भला माणूस दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवटचा आकडा विचारत होता, आणि त्यातले आठ महिने त्याचं औषध माझ्या हातात होतं. दोष मला दिसला होता. मी त्याला वळसा घातला, माझ्यापुरतं भागवलं आणि विसरून गेलो, कारण मॉड्यूल माझं नव्हतं, ऑप्शनल होतं. बाई तीनदा माझ्यासमोर उभ्या राहून हेच सांगत होत्या आणि मी पडद्यावरून मान वर काढली नव्हती. इतकी लाज मला शाळेत कॉपी करताना सापडलो तेव्हाही वाटली नव्हती.

दुपारी चहाच्या वेळी मी बाईंच्या टेबलाशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं, पूर्णविरामासकट. वाटलं होतं, आता झाडतील. हक्कच होता त्यांचा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, दुरुस्तीला किती वेळ लागेल. म्हणालो, वीस मिनिटं.

"आणि राखणदारीला?"

"पाच वर्षं," मी म्हणालो.

त्यांच्याच समोर मी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. बाईंनी चष्मा चढवून ते अक्षर न् अक्षर वाचलं. गोदामात खोक्यातला जोड असाच तपासत असणार.

वीस मिनिटं म्हणालो होतो, तेवढ्यात दुरुस्ती खरंच झाली. पण राखणदाराने पाचही ठिकाणी सही करायची असते, आणि एका प्रकारच्या फोनवर आवाज मुळात निघतच नव्हता. ते गेल्या दोन वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं. त्यात माझे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी घरी इतका कुरकुरलो की बायको म्हणाली, नाव पुसून टाका एकदाचं. मी म्हणालो, बाईंनी वाचलंय आता ते.

यादीची बैठक मंगळवारी झाली. एकतीस ऑप्शनल मॉड्यूल होती. आमच्या नव्या प्रमुख मॅडम एकेक नाव वाचत होत्या, पहिली ओळ बघत होत्या आणि रिकामी असली की खोडत होत्या. नऊ गेली. आवाजाशी आल्यावर त्या थांबल्या, ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो आणि पेटीतल्या दोन ओळींचं प्रकरण पहिल्यापासून सगळ्यांसमोर सांगितलं. खोलीत एक-दोन जण खाकरले. त्यांनीही कुठे कुठे काय बोलावून घेतलं होतं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी बरेच गाभेकर घाईघाईने काहीतरी काढताना दिसले.

बोलण्याच्या भरात मी एक पाऊल पुढे गेलो. म्हणालो, आवाज कोअरमध्येच घेऊन टाकू या, म्हणजे पुन्हा कधी हा प्रश्नच नको. माना डोलायला लागल्या होत्या. शेवटच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, नको. लिफ्टमधल्या एवढ्याशा पडद्यालाही आमचं कोअर लागतं, त्याच्यावर हे ओझं कशाला? सगळ्यांवर लादलेलं कधीतरी कुणीतरी कापतंच, आणि तेव्हा हेच आधी जाईल.

"ऑप्शनलच राहू दे," त्या म्हणाल्या. "ज्याला लागेल तो मागेल. फक्त त्याने मागितलं की ते मिळायला हवं."

मॅडमनी आवाजापुढे बरोबरची खूण केली. मग म्हणाल्या की, खरं तर या बैठकीत उपाशी हलवून ती जागा छपाईयंत्राला द्यायचं ठरणार होतं. ते त्यांनी रद्द केलं. उलट आपोआप तपासणी करणाऱ्या मशीनांत आता एक मशीन कायम उपाशी ठेवायचं ठरलं. सोमवारचा सोहळा आता दर तासाला होतो. तरीही बाई सोमवारी आपलं मशीन पुसतात. का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, त्या मशीनवर तरी कुणीतरी लक्ष ठेवायला हवं की नको?

आवृत्ती निघाली, पाठोपाठ चार महिन्यांनी छोट्या कंपनीचा नवा प्रोग्राम निघाला. तो वाचनालयात ज्या शनिवारी बसणार होता त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, चला. मी बघतो म्हणणार होतो, पण ते तोंडातून निघालं नाही.

वाचनालय बैठं आणि लांबट आहे. दाराशीच काउंटर, त्यावर झिजून गुळगुळीत झालेली लाकडी फळी. मागे वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे. कंपनीचा माणूस तारा गुंडाळून नुकताच गेला होता. काउंटरमागे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मान किंचित स्पीकरकडे कललेली. बाईंनी मला खुणेने गप्प राहायला सांगितलं आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. आमच्यापुढे एक आजी होत्या, जाड जाड तीन पुस्तकं घेऊन.

आजींनी कार्ड टेकवलं. आवाज वाचायला लागला. चार, शून्य, सात, तीन. गृहस्थ दोन वर्षांच्या सवयीने तोंड उघडून म्हणाले, शेवटचा... आणि आजीही सवयीने आठ म्हणाल्या. त्याच वेळी स्पीकरमधूनही आलं, आठ.

गृहस्थ थांबले. त्यांनी हात फळीवर सपाट ठेवला. आजींना वाटलं आपलं चुकलं, म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्याने आठ सांगितलं.

"ऐकलं मी," गृहस्थ म्हणाले. "ऐकलं, ऐकलं."

मी उगाच भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागलो. आजी गेल्या. बाई पुढे झाल्या. गृहस्थांनी कार्ड मागितलं. बाई म्हणाल्या, कार्ड नाही, सभासद व्हायचंय.

गृहस्थांनी मान वर केली. बाईंचा हा आवाज त्यांनी अकरा वर्षं फोनवर ऐकला होता, पण कधी समोरून नाही. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि उभे राहिले. मग कामच बरं म्हणून ते पुन्हा बसले आणि बाईंना एकेक विचारून संगणकावर फॉर्म भरू लागले. पत्ता विचारला, यजमानांचा व्यवसाय विचारला. बाईंनीही सगळी उत्तरं अगदी सरळ दिली, कशालाही हे वजा केलं तर काय अडतं, असं म्हणाल्या नाहीत. त्यांचा पत्ता माझ्या पेटीत लिहिला जात होता.

कोरं कार्ड टेकवल्यावर आवाजाने नवा क्रमांक वाचला. गृहस्थांनी तो ऐकून घेतला, कार्ड फळीवरून बाईंच्या पुढे सरकवलं आणि क्रमांक सावकाश त्यांना परत सांगितला.

"पाच, एक, शून्य, नऊ, दोन. बघा बाई, शेवटचा मी तुम्हाला विचारला नाही."